परका ओळखा

भट्टीमास्तरांच्या मुलीला सगळे मुंगी म्हणत, आणि ते नाव तिने स्वतःच्या हिमतीवर कमावलेलं होतं. ती रांगत होती तेव्हा आईने साखरेचा डबा कपाटात, कपाटाला कडी आणि कडीला दोरी असा बंदोबस्त केला होता. तरी ती सापडली डब्यापाशीच. पुढे नाक आणि जीभ या दोन गोष्टींच्या जोरावर तिने अन्नशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि विद्यापीठात दुसरी आली. मास्तरांनी भट्टीवरच्या सगळ्यांना पेढ्याऐवजी स्वतःच्या हाताने भाजलेली बिस्किटं वाटली. आणि मग मंदी आली.

मंदी म्हणजे काय हे मास्तरांना पेपर वाचून कळलं नाही. ते काम करत त्या बिस्किटांच्या कारखान्यात तीन भट्ट्या होत्या. आधी एक विझली, मग दुसरी. कँटीनचा चहा पातळ होत होत इतका पातळ झाला की भरल्या कपाचा तळ दिसू लागला. मुंगीच्या वर्गातली मुलं दारोदार पार्सलं पोचवत होती. एकाने कपड्यांच्या दुकानात चिकटण्यासाठी अर्जातून एम.एस्सी. खोडून टाकलं, कारण जास्त शिकलेला टिकत नाही म्हणून दुकानदार घेत नसे. तिच्या एका मैत्रिणीने उलटं केलं. कधी अस्तित्वातच नसलेल्या कंपनीतला दोन वर्षांचा अनुभव लिहिला आणि चांगली नोकरी पटकावली. असलेलं लपवावं आणि नसलेलं दाखवावं, असे ते दिवस होते.

मुंगीला मुलाखतीत विचारत, "शिक्षण संपल्यापासून काय करत होतात?" ती सांगे, "घरी होते. नोकरी मिळत नव्हती."

"अगं, 'संशोधन करत होते' म्हणायचं!" आई कपाळाला हात लावी. "त्या तुझ्या मैत्रिणीला बघ, कशी लागली. हिला नाकाने कांदे सोलायला कुणी शिकवलं कोण जाणे!"

मास्तर अशा वेळी पेपरात तोंड घालून बसत, कारण कुणी शिकवलं ते त्यांना ठाऊक होतं. शाळेत असताना ती त्यांचा डबा घेऊन भट्टीपाशी यायची. कडा जळलेल्या बिस्किटांचे ट्रे मास्तर बाजूला काढत. "मास्तर, दोनचार तर जळलीत, खपून जातील," असं कुणी म्हटलं की ते म्हणत, "ज्याच्या वाट्याला ती दोनचार येतील, त्याला सगळा पुडाच जळका." पोरीने ते ऐकलं होतं. मुलं आपण सांगितलेलं विसरतात आणि आपण दुसऱ्याला सांगितलेलं लक्षात ठेवतात.

शेवटी मास्तरांनीच धाकट्या मालकांपुढे शब्द टाकला. प्रयोगशाळेतले जुने साहेब निवृत्त होऊन गेले होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होती. मालकांनी मुंगीला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम बरं दिसलं तर कायम करू, म्हणाले. मुंगीचं काम बरं नव्हे, नंबरी होतं. पिठाचा नवा माल आला की ती चिमूट तोंडात टाकून सांगे, हे पोतं ओलीत ठेवलेलं होतं. मास्तर दुरून बघत आणि उगाचच घसा खाकरत.

मुदत संपायला थोडे दिवस राहिले असताना मालकांनी दोघांना बोलावलं. टेबलावर दोन डबे होते. एकात लोणी आणि दुसऱ्यात पांढरं, घट्ट, गोठवलेलं वनस्पती तेल. कामगारांनी त्याचं बारसं आधीच करून टाकलं होतं. सगळे त्याला 'मेण' म्हणत.

"लोण्याचे भाव बघता ना, मास्तर?" मालक म्हणाले. वयाने लहान माणूस, पण गेल्या वर्षभरात कानशिलं पांढरी झाली होती. "बिस्किट हेच, पुडा हाच. आत फक्त हे. मुंगी, तू परका लाव. लोकांना फरक कळला नाही, तर सरळ बदलून टाकू. दुसरी भट्टी पेटेल. तुझं कायमचं पत्रही त्याच दिवशी देतो."

पुड्यावर जाड अक्षरात 'शुद्ध लोण्याची' असं छापलेलं होतं. ते बदलण्याबद्दल मालक काही बोलले नाहीत. मुंगीने विचारलं तेव्हा म्हणाले, "खाणाऱ्याला कळतच नसेल, तर त्याला फसवलं कुठे?"

आता 'परका' म्हणजे काय ते सांगायला हवं. कारखान्यातली ती जुनी रीत होती. भट्टीपासून पॅकिंगपर्यंत चांगल्या जिभेची चोवीस माणसं निवडलेली होती. त्यांनी एकेकाने प्रयोगशाळेतल्या आडोशाला बसायचं. रंगावरून ओळखू नये म्हणून तिथे लाल दिवा. पुढे तीन बशा, प्रत्येकीत एक बिस्किट. दोन एकसारखी, एक परकं. परकं कुठलं, त्या बशीच्या नंबरावर चिठ्ठीत खूण करायची. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. नाहीच कळलं तर अंदाजाने ठोकून द्यायचं, पण खूण करायचीच. कुणाच्या कुठल्या बशीत परकं आहे ते प्रत्येकासाठी वेगळं, आणि ते फक्त चाचणी घेणाऱ्याला ठाऊक. या चोवीस जणांत मास्तरांची जीभ पहिल्या नंबरची मानली जायची. जुने साहेब म्हणत, मास्तर चुकले तर समजा बशा चुकल्या.

त्या दिवशी कँटीनमध्ये मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा कारस्थान केलं. पॅकिंगमध्ये एक काकू होत्या, त्यांना सगळे रेडिओकाकू म्हणत. मास्तर त्यांच्याशेजारी बसले आणि चहाकडे बघत म्हणाले, "काकू, उद्याच्या परक्यात फरक कळला नाही, तर दुसरी भट्टी पेटणार आहे म्हणे."

"आणि कळला तर?"

"तर काय, दुष्काळात तेरावा महिना."

काकूंनी मान डोलावली. संध्याकाळची शिट्टी व्हायच्या आत बातमी गेटवरच्या वॉचमनपर्यंत पोचली होती. पुढचं कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. अळीमिळी गुपचिळी.

दुसऱ्या दिवशी मास्तर लाल दिव्याखाली बसले. कोमट पाण्याने चूळ भरली. पहिलं बिस्किट तोडलं, लोणी. दुसरं जिभेवर ठेवलं आणि चावायच्या आधीच कळलं. ते विरघळेना, टाळूला चिकटून बसलं. तिसरं पुन्हा लोणी. डोळे बांधून, नाक दाबून, झोपेतसुद्धा कळावं असं ते परकं होतं. मास्तरांनी चिठ्ठी घेतली आणि पहिल्या बशीवर खूण केली. मनात म्हणाले, कुणाचं काय गेलं? पोरीचं कल्याण झालं.

बाहेर येताना मुंगीने चिठ्ठी घेतली आणि नेहमीसारखं "थँक यू" म्हणाली. कामावर असताना ती वडिलांनाही थँक यू म्हणत असे.

संध्याकाळी मास्तर जिलबी घ्यायला निघाले होते, पण आधी पोरीच्या तोंडून बातमी ऐकू म्हणून थांबले. मुंगी आली, चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली.

"बाबा, एकही बरोबर नाही."

"म्हणजे?"

"चोवीस चिठ्ठ्या. एकानेही परकं ओळखलं नाही."

"मग झालं की!" मास्तरांना तोंडभर हसू आलं. "सुंठीवाचून खोकला गेला. कुणालाच कळलं नाही म्हटल्यावर—"

मुंगीने फडताळातून तीन वाट्या काढल्या, ओट्यावर पालथ्या घातल्या आणि आईला म्हणाली, "आई, पाठ कर." एका वाटीखाली तिने शर्टाचं बटण ठेवलं. "वळ. बटण कुठल्या वाटीखाली आहे?"

"मला काय माहीत? ही." नव्हतं. पुन्हा पाठ, पुन्हा वाट्या. "बरं, ही." नव्हतं. तिसऱ्या खेपेला आईने मधली उचलली आणि बटण निघालं. आईला मजा वाटायला लागली. भाजी करपायला आली तरी ती ओळखत राहिली. कधी चुके, कधी बरोबर येई.

"आईला काही दिसत नाही, काही कळत नाही," मुंगी म्हणाली. "तरी मधूनमधून तिला सापडतंच. नुसत्या नशिबाने. चोवीस जणांना खरंच फरक कळला नसता, तरी आठएक जणांची खूण आपोआप बरोबर पडली असती. एकाचीही पडली नाही, बाबा."

मास्तरांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"दर वेळी चुकायचं असेल, तर बटण कुठे आहे ते आधी माहीत पाहिजे." तिने वाटी उलटी केली. "इतक्या चुका करायला चव कळावी लागते. सगळ्यांना कळली. सगळ्यांना, न चुकता."

ओट्यावरचं बटण घेऊन आई ते बोटांत फिरवत उभी राहिली. तिला हिशेब समजला नसेल, पण नवऱ्याचा चेहरा समजला. "तुम्हीसुद्धा?" तिने विचारलं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इतक्या वर्षांत न चुकलेली जीभ मास्तरांनी एकदाच खोटी पाडली आणि तीही पोरीने वाट्या-बटणाने पकडावी! खरं तर त्यांना लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण लाजेच्या आधी, अगदी पहिल्या क्षणी, त्यांच्या मनात आलं ते वेगळंच होतं: काय डोकं आहे माझ्या पोरीचं! चोवीस जणांनी मूग गिळले आणि हिने त्यांच्या गप्प बसण्यातून सगळं ऐकलं.

मग ते भानावर आले. "मालक एवढा विचार करणार नाहीत," ते म्हणाले. "त्यांना शेवटची ओळ हवी. फरक आढळला नाही. खोटं थोडंच आहे? चिठ्ठ्या तेच सांगतात. सही कर आणि मोकळी हो."

"चिठ्ठ्या तेच सांगत नाहीत. मला कळलंय ना."

"तुला कळलंय म्हणून काय सगळ्यांच्या पोटावर पाय देणार? रेडिओकाकूंचा जावई घरी बसलाय. आणि तू? पुन्हा घरी बसणार? पुन्हा 'नोकरी मिळत नव्हती' सांगणार?" मास्तरांचा आवाज चढला. आवाज चढला की ते चुकीच्या बाजूला आहेत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मुंगीचे डोळे भरून आले होते, पण बोलताना घसा स्वच्छ होता. "मला ती नोकरी हवी आहे, बाबा. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त हवी आहे. रोज सकाळी तुमच्याबरोबर गेटातून आत जाते ना, तेव्हा मला... जाऊ दे. कुणी काय केलं ते मी सांगणार नाही. पण बिस्किट सारखं आहे असं लिहिणार नाही. ज्याच्या वाट्याला तो पुडा येईल, त्याचं काय?"

हे वाक्य मास्तरांचंच होतं. त्या संध्याकाळी जिलबी आली नाही आणि करपलेली भाजी कुणी तक्रार न करता खाल्ली.

सकाळी मालक स्वतः प्रयोगशाळेत आले. नव्या मालासाठी भट्टीची आच किती ठेवायची ते ठरवायला त्यांनी मास्तरांनाही बोलावलं होतं. मुंगी उभी राहिली.

"साहेब, चाचणी रद्द करावी लागेल. चूक माझी आहे."

"कसली चूक?"

"ज्यांच्या नोकऱ्या या निकालावर अवलंबून आहेत, त्यांनाच मी चव बघायला बसवलं. अशा माणसाच्या जिभेवर विश्वास ठेवायचा नसतो. हे पुस्तकात पहिल्याच पानावर असतं, आणि मी ते विसरले."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. ती कुणाचं नाव घेत नव्हती. खोटंही बोलत नव्हती. सगळ्यांचा दोष तिने एकटीने उचलला होता, आणि तोही पुस्तकातलं पान दाखवून.

मालकांचा चेहरा बदलला. "तुझी मुदत संपत आलीय, माहीत आहे ना?"

"हो."

"आणि मला माल बदलायला उशीर झाला, तर तिसरी भट्टीही विझेल, हे?"

"हो, साहेब." एवढं म्हणताना मात्र तिचा आवाज बारीक झाला.

मास्तरांना वाटलं, आता तोंड उघडलं नाही तर या तोंडात पुन्हा कधी लोणी घालू नये. "चूक तिची नाही," ते म्हणाले. "मी सांगितलं सगळ्यांना. पोरीची नोकरी पक्की व्हावी म्हणून. काढायचं तर मला काढा."

रेडिओकाकूंचं नाव मास्तरांनी घेतलं नाही, तेवढी अक्कल त्यांना त्या घाईतही राहिली.

"म्हणजे फरक कळतो?" मालकांनी विचारलं.

"झोपेत कळेल."

"तुम्हाला कळेल, मास्तर. तुमचा जन्म भट्टीवर गेला. गिऱ्हाइकाला काय डोंबल कळणार आहे? आण गं त्या बशा. मी बसतो."

मुंगीने बशा लावल्या. मालक लाल दिव्याखाली बसले, तोंडात बिस्किट टाकलं, पाणी प्यायले, पुन्हा टाकलं. मास्तरांनी आयुष्यात पिठावर, लोण्यावर, आचेवर जेवढं लक्ष दिलं नसेल, तेवढं त्या चावणाऱ्या जबड्यावर दिलं. मालकांनी चिठ्ठीवर खूण केली आणि पुढे सरकवली. मुंगीने पाहिली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"बघा!" मास्तर उसळले. "बघा साहेब, तुम्हालाही—"

"थांबा, बाबा." मुंगी मालकांकडे वळली. "साहेब, एकदा बरोबर आलं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. तीन वेळांतून एकदा नशिबानेही लागतं. तुमचं म्हणणं अजून खरं असू शकतं. पुन्हा खा."

मास्तरांनी डोक्याला हात लावला. हातात आलेला डाव ही पोरगी स्वतःहून परत देत होती! ज्या गणिताने तिने त्यांना पकडलं, तेच गणित ती आता स्वतःच्या विरुद्ध लावत होती, आणि तिला ते जरासुद्धा जड जात नव्हतं. मालकही हातातला पाण्याचा पेला विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. गेल्या वर्षभरात त्यांच्यापुढे जो कुणी उभा राहिला होता, तो आपल्या फायद्याचंच बोलला होता. पुरवठादार, बँकवाले, खुद्द त्यांचे मेव्हणेसुद्धा.

ते पुन्हा बसले. मुंगीने पाठ फिरवून बशा बदलल्या. बरोबर. पुन्हा बदलल्या. बरोबर. मग मालकांनी हात वर केला. "पुरे."

त्यांनी चूळ भरली आणि बराच वेळ रुमालाने तोंड पुसत राहिले. "लहानपणी आजोबा मला गरम ट्रेवरून एक उचलून द्यायचे," ते म्हणाले. "मी विसरलो होतो. हे मेण टाळूला लागलं आणि आठवलं." मग मास्तरांकडे बघून म्हणाले, "हा पुडा बाजारात गेला असता, तर तुम्ही मला सगळ्या गावासमोर चोर ठरवलं असतं, मास्तर. तेही पोरीच्या भल्यासाठी."

मास्तरांनी मान खाली घातली.

लोण्याच्या पुड्यात मेण गेलं नाही. मालकांनी मेणाचं बिस्किट वेगळं काढायचं ठरवलं. साधा पुडा, कमी किंमत, आणि आत जे आहे तेच बाहेर छापलेलं. ते चालेल की बुडेल, कुणालाच माहीत नव्हतं. "कायमचं पत्र मला आत्ता देता येणार नाही," त्यांनी मुंगीला सांगितलं. "एक आश्वासन देऊन आत्ताच तोंडावर पडलोय, दुसरं देत नाही. आणखी सहा महिने, पगार आहे तोच. राहशील?"

"राहीन," मुंगी म्हणाली. "पण चव बघायला कुणाला बसवायचं, ते मी ठरवणार."

"ठरव."

आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एवढं रामायण करून पुन्हा सहा महिनेच?" पण म्हणताना ती मुंगीच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढत होती. त्या बटणाची तिने एक गंमत केली. ते मास्तरांच्या शर्टाला शिवून टाकलं, अगदी वरचं, गळ्याशी.

नव्या बिस्किटाची चाचणी पुढच्याच आठवड्यात लागली. मुंगीने कारखान्याबाहेरची माणसं बोलावली होती. शिंप्याच्या दुकानातला कारागीर, शाळेतल्या दोन बाई, वाचनालयातले म्हातारे आजोबा. मास्तर सवयीने तोंड धुऊन, चूळ भरून वेळेवर हजर झाले आणि रांगेत उभे राहिले. इतकी वर्षं या दारातून पहिले तेच आत जात.

मुंगी दारात आली. पांढरा कोट, हातात चिठ्ठ्या.

"तुम्ही नाही, बाबा."

"अगं, माझी जीभ—"

"तुमची जीभ कारखान्यात सगळ्यात चांगली आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण या निकालावर तुमच्या मुलीची नोकरी आहे. मला तुमचा भरवसा धरता येणार नाही."

तिने त्यांच्याकडे बघून जरासं हसून दार लावून घेतलं. मास्तर बाहेर राहिले. शिंप्याचा कारागीर रांगेतून कुतूहलाने बघत होता, तेव्हा मास्तरांनी गळ्याशी हात नेऊन वरचं बटण नीट लावलं आणि घसा खाकरला.

"मुलगी आहे माझी," ते म्हणाले. "बापालासुद्धा आत घेत नाही."